मांजर आडवं का जातं?

मांजर आडवं गेलं की थांबावं, चार पावलं मागे यावं आणि मग पुढे निघावं, असं आपल्याकडे सांगतात. समजूत खुळी आहे, पण तिचा एक फायदा होता. माणूस खरोखर थांबला तर मांजर वाचायचं. आता समजूत तेवढी शिल्लक आहे, थांबणं गेलं. मोटारसायकलवाला मनातल्या मनात चुकचुकतो आणि वेग वाढवून निघून जातो.

मी राहतो त्या जुईनगरचंच उदाहरण घ्या. इथली बरीचशी वस्ती रेल्वेमार्ग आणि सायन-पनवेल महामार्ग यांच्या मध्ये आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून लोकल वाशीला आली आणि मग नोडामागून नोड भरत गेले. महामार्ग रुंद होत होत दहापदरी झाला. त्याला लागून सर्व्हिस रोड, त्याला लागून इमारतींची कुंपणं आणि कुंपणाच्या आत मांजरं. खाडीकाठची सखल जमीन, पावसाळी पाण्याची मोठमोठी गटारं, त्यात घुशी आणि उंदीर, संध्याकाळी मासळीवाल्यांच्या पाट्या. मांजराला आणखी काय हवं? मांजराच्या बाजूनं पाहिलं तर आडवे आपणच गेलो आहोत.

‘मांजरांची वस्ती’ म्हटलं की काही जणांना हसू येतं. वस्ती माणसांची, मांजरं आपली इकडं तिकडं असतात, असा समज आहे. प्रत्यक्षात तसं नाही. मांजर शिकार एकटं करतं हे खरं, पण अन्न एका जागी नेमानं मिळू लागलं की माद्या एकत्र राहतात. बहुधा त्या आई, मुलगी, मावशी अशा नात्यातल्याच असतात. एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, राखतात. यातली पुष्कळशी माणसाच्या हाताला येत नाहीत. पिल्लाला पहिल्या सात-आठ आठवड्यांत माणसाचा हात लागला नाही तर पुढे ते माणसापासून चार हात लांबच राहतं. अशा मांजराला ‘घरी न्या की’ म्हणून प्रश्न सुटत नाही. त्याचं घर ती गल्लीच असते. तेव्हा ते त्या गल्लीत, रस्त्याच्या शेजारी, जिवंत कसं राहील एवढाच प्रश्न उरतो.

मांजर इतकं चपळ, मग गाडीखाली सापडतं कसं, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर त्याच्या स्वभावातच आहे. मांजर हा दबा धरणारा प्राणी. धोका दिसला की आधी निश्चल होणं, अंदाज घेणं आणि मग एकाच झेपेत निसटणं, ही त्याची हजारो वर्षांची रीत. कुत्र्यापुढे ती कामाला येते. ट्रकपुढे तो थबकण्याचा क्षणच त्याचा घात करतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची. अंधारात पाहता यावं म्हणून मांजराच्या डोळ्यामागे आरशासारखा एक थर असतो, तोच आपल्याला रात्री चमकताना दिसतो. अंधारात त्याची बाहुली पूर्ण उघडलेली असते. तेवढ्यात समोरून हेडलाइटचा झोत आला की ते दिपून जातं, आणि नेमकं त्याच वेळी पळायचं असतं.

आता आपल्या बाजूचा हिशेब मांडून पाहू. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मांजर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७ मीटर, सव्वाशे फुटांच्या आसपास. तीच गाडी ताशी ४० नं चालली असती तर २० मीटरच्या आत थांबली असती. पावसात यात भरच पडते. ओल्या डांबरावर काळं मांजर सव्वाशे फुटांवरून दिसावं, ही अपेक्षा कोणत्याही चालकाकडून करता येणार नाही. म्हणून मी चालकांना शिव्या घालत नाही. सर्व्हिस रोडवर गतिरोधक मागावा, त्यावर पांढरे पट्टे आहेत की पुसले गेले ते पाहावं, विभाग कार्यालयात अर्ज द्यावा, हे सगळं करावंच. तो मुलांच्याही उपयोगाचा आहे. पण मांजरांचा सगळा भरवसा गतिरोधकावर ठेवून चालत नाही.

रस्ता काही आपल्याला हलवता येत नाही. मग हलवता काय येतं? मांजर रस्ता ओलांडतं ते काही उगाच नाही. त्याला पलीकडे काहीतरी हवं असतं किंवा अलीकडे कशाची तरी भीती असते. पलीकडे अन्न, पलीकडे जोडीदार, पलीकडे कोरडी जागा, अलीकडे कुत्रा किंवा काठी. या चारांतलं जे असेल ते ओळखायचं आणि ती गरज अलीकडेच भागवायची. हे साधं सूत्र मला एका मासळीवाल्या मावशीनं शिकवलं, तेही मला शिकवायचं म्हणून नव्हे. तिची पाटी सर्व्हिस रोडच्या कडेला असे. बांगड्याची डोकी, आतडी ती शेजारीच टाकायची आणि आमच्या कुंपणातली मांजरं संध्याकाळी सातला, ऐन गर्दीच्या वेळी, रस्ता ओलांडून तिच्याकडे जायची. एकदा मी तिला म्हटलं, “मावशी, इथं टाकू नका, मांजरं मरतात.” ती म्हणाली, “मंग तुम्हीच नेऊन घाला की त्यान्ला आत. मी पिशवीत ठेवते.” दुसऱ्या दिवसापासून तिनं पिशवी ठेवली.

पण पिशवी आत नेली म्हणून मांजरं लगेच आत येत नाहीत. ती जागेला आणि वेळेला बांधलेली असतात. ताटली एकदम शंभर फूट आत नेली तर ती जुन्याच जागी बसून राहतात. आम्ही ती रोज दोन-तीन हात सरकवत नेली. रस्त्याच्या कडेपासून फाटकापर्यंत, फाटकापासून पार्किंगच्या कोपऱ्यापर्यंत आणि शेवटी पंपाच्या खोलीमागे. तीन आठवडे लागले. तिथून रस्ता दिसत नाही आणि गाड्यांचा आवाजही भिंतीआडून येतो. वेळही बदलली. सातचं जेवण हळूहळू साडेपाचवर आणलं, म्हणजे अंधार पडायच्या आत पोटं भरलेली. भरल्या पोटी मांजर झोपतं, उपाशी मांजर रात्री फिरतं. अर्ध्या तासानं उरलेलं उचलायचं आणि फरशीवर पाणी मारायचं. हे न करणारा माणूस मांजरांचा मित्र नव्हे. उष्ट्यावर उंदीर येतात, कुत्री येतात, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि शेवटी त्याचं बिल मांजरांच्याच नावावर फाडलं जातं.

खायला काय द्यावं, हेही थोडक्यात सांगतो. दूध नको. पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. भातात कुस्करलेली मासळी चालते. सुकट घालायची तर आधी धुऊन तिचं मीठ काढावं. काटे काढावेत. आणि पाण्याचं भांडं बारा महिने भरलेलं हवं. उन्हाळ्यात केवळ पाण्यासाठी रस्ता ओलांडणारी मांजरं मी पाहिली आहेत. पलीकडच्या गॅरेजमध्ये गाड्या धुतात, तिथल्या डबक्यासाठी ती जायची.

जागेचंही असंच. आमच्या कुंपणाच्या भिंतीला रस्त्याच्या अंगाला तळाशी दोन भोकं होती, पाणी जाण्यासाठी ठेवलेली. मांजराला तो राजमार्ग. भोकांना जाळी बसवली. पाणी जातं, मांजर जात नाही. भिंतीलगतची झुडपं छाटली, कारण झुडपातून एकदम रस्त्यावर उडी मारणारं मांजर चालकाला दिसतच नाही. पावसाळ्यात भरतीच्या वेळी गटारं तुंबली की आत राहणारी मांजरं वर येतात आणि कोरडी, उबदार जागा म्हणून उभ्या गाड्यांच्या इंजिनापाशी जाऊन बसतात. पंपाच्या खोलीमागे विटांवर फळी आणि वर जुना पत्रा टाकला तेव्हापासून हे कमी झालं, पण थांबलं नाही. म्हणून सकाळी गाडी काढताना बॉनेटवर दोन थापा माराव्यात. आमच्याकडे रखवालदारच येता-जाता मारतो. नवीन भाडेकरूंना वाटतं, हा काही तोडगा असावा.

मोठ्या रस्त्यांवर मोठ्या प्राण्यांसाठी माणसं हाच विचार करू लागली आहेत. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथं रस्ता काही ठिकाणी उंच उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे आणि वाघासह अनेक प्राणी त्या वाटेनं जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. जनावराला थांबवण्यापेक्षा त्याची वाट गाडीच्या वाटेपासून वेगळी काढणं सोपं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. शहरात मांजरासाठी कुणी रस्ता उचलणार नाही. आपल्या हाती जाळी, फळी आणि ताटली आहे.

जोडीदाराचं काय? इथं नसबंदीशिवाय इलाज नाही, हे मी स्पष्टच सांगतो. माजावर आलेल्या मादीचा आवाज आणि वास दूरवर जातो आणि बोका दहा पदर ओलांडून येतो. बोक्याचा फिरण्याचा टापू मादीपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि नसबंदी झाली की काही आठवड्यांत त्याचं हे भटकणं, मारामाऱ्या, रात्रीचं रडणं उतरत जातं. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत पिल्लं, एका वेळी तीन-चार, वर्षातून दोन-तीन वेळा. जागा तेवढीच, अन्न तेवढंच, मग वाढलेली पोरं नवा टापू शोधत कुठं जाणार? रस्त्यापलीकडे. वर्षा-दोन वर्षांची, नुकती वाढलेली मांजरंच आमच्या रस्त्यावर जास्त सापडत, ते यामुळे.

त्याची रीत अशी. एक वेळचं जेवण चुकवायचं, मग पिंजऱ्यात वास येणारा बांगडा ठेवायचा. दार पडलं की लगेच पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की थैमान घालणारं मांजर दोन मिनिटांत गप्प होतं. पकडलेली मादी पाजती आहे का ते पाहायचं. असेल तर पिल्लं सुटी होईपर्यंत थांबायचं. शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल असतानाच, कानाचं टोक किंचित छाटतात, म्हणजे पुन्हा तेच मांजर पकडलं जात नाही. त्याच वेळी रेबीजची लसही टोचून घ्यावी. बरं झालं की जिथून नेलं तिथंच आणून सोडायचं. मुंबई महापालिकेनं २०१९ मध्ये कुत्र्यांच्या जोडीला मांजरांचीही नसबंदी हाती घेतली. इतरत्र प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि खासगी डॉक्टर हे काम करतात. सोसायटीनं वर्गणी काढली तर एका घरावर येणारा खर्च दिवाळीच्या फटाक्यांहून कमी असतो.

‘तिथंच आणून सोडायचं’ या तीन शब्दांवरून आमच्या सोसायटीत मोठी सभा झाली. विषयपत्रिकेत ‘मांजरांचा बंदोबस्त’ असा विषय होता. दोन माणसं लावून सगळी मांजरं पकडावीत आणि महामार्गापलीकडे एमआयडीसीच्या बाजूला सोडून यावीत, असा प्रस्ताव होता. मारायची नाहीत, फक्त सोडायची, त्यामुळे दयाळू माणसांनाही तो पटत होता. आपल्याकडे ही जुनीच पद्धत आहे. नको झालेली पिल्लं पोत्यात घालून मासळी बाजारात नेऊन सोडायची आणि ‘तिथं खाऊन-पिऊन सुखी राहतील’ असं म्हणत घरी यायचं.

त्याआधी दोन महिने शेजारच्या इमारतीत हेच घडलं होतं. ठिपक्यांची एक मादी तिथल्या मीटरच्या खोलीत व्याली होती. पिल्लं केबलींच्या मागे होती, कुणाला दिसली नाहीत. मादी तेवढी पकडून कुणीतरी महामार्गापलीकडे सोडून आलं. पिल्लं दोन रात्री ओरडत होती. चौथ्या पहाटे रखवालदारानं मला खाली बोलावलं. “चाचा, ठिपकी आली, पण...” ती दहा पदर ओलांडून आली होती. सगळा महामार्ग पार करून ती आमच्या सर्व्हिस रोडवर, फाटकापासून चाळीस पावलांवर पडली होती. पिल्लांना आमच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीनं बाटलीनं पाजलं. तिघांतलं एक जगलं.

सभेत मी हे सांगितलं. अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “शायरसाहेब, वाईट झालं. पण तुम्ही खायला घालता म्हणून ती इथं वाढतात, हेही खरं ना?” अर्धं खरं होतं. नुसतं खायला घातलं आणि नसबंदी केली नाही तर संख्या वाढणारच, आणि वाढलेली संख्या रस्त्यावरच कमी होणार. असं खायला घालणं पुण्य म्हणून खपतं, पण ते अर्धवट काम आहे. मात्र सगळी उचलून नेली तरी जागा रिकामी राहत नाही. उंदीर आणि कचरा जिथल्या तिथं असतो, मग बाजूची मांजरं येतात, तीही नसबंदी न झालेली. आणि नेलेली मांजरं परत यायला निघतात. मांजराला आपल्या जागेची ओढ जबर असते. नव्या जागेत सोडलेलं मांजर पहिले काही दिवस सैरभैर धावतं आणि प्रत्येक रस्ता त्याला अनोळखी असतो.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “तुमच्यात मांजर पाक मानतात ना?” मानतात. पैगंबरांच्या एका साथीदाराचं नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, असं पडलं होतं. पण मला त्या दिवशी हदीसमधली दुसरी गोष्ट आठवत होती. एका बाईला मांजरापायी नरक मिळाला. तिनं मांजर मारलं नव्हतं. तिनं ते कोंडलं, खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला मोकळंही केलं नाही. मुद्दा असा की मारलं नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. तहानलेल्या गाढवाला काशीच्या कावडीतलं पाणी पाजणारे नाथ पैठणचे. तेव्हा हा विषय ‘तुमच्यात’ आणि ‘आमच्यात’चा नाही, एवढंच मी म्हणालो. आणि सभेला धर्मापेक्षा कायदा लवकर कळतो, म्हणून तोही सांगितला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावराला टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी परिसरातल्या प्राण्यांना खायला घालण्याची सोय करणं ही रहिवासी संघाची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. जागा मात्र मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर हवी आणि स्वच्छता खायला घालणाऱ्यानं राखायची. पंपाच्या खोलीमागची जागा या सगळ्यात बसत होती. एक वर्षाची मुदत मिळाली. तेवढ्यात नसबंदी पुरी करायची, नाहीतर प्रस्ताव पुन्हा येणार. अकरांपैकी आठ झाली आहेत. उरलेल्यांतला एक बोका पिंजऱ्याला हुंगून निघून जातो.

रोम शहराच्या मधोमध लार्गो दि तोर्रे आर्जेन्तिना नावाचा चौक आहे. चारी बाजूंनी वाहनं आणि ट्राम. १९२० च्या दशकात तिथं खोदताना प्राचीन मंदिरांचे अवशेष निघाले. ज्युलिअस सीझरचा खून झाला ती वास्तूही तिथलीच. अवशेष रस्त्याच्या पातळीखाली, खोलगट भागात आहेत आणि तिथं मांजरांची प्रसिद्ध वस्ती आहे. स्वयंसेवक त्यांना जेवण देतात, नसबंदी करतात. इटलीत १९९१ च्या कायद्यानं अशा वस्त्यांना संरक्षण दिलं आहे. लोक तिथं सीझरसाठी जातात. मला त्या खोलगट जागेचं महत्त्व वाटतं. गाड्या वरून जातात, जेवण आणि निवारा खाली असतो, वर येण्याचं कारणच उरत नाही.

इतकं करूनही एखादं मांजर सापडतंच. अशा वेळी काय करावं? आधी स्वतःकडे पाहा, मागून गाडी येत असते. दुसऱ्या कुणाला हात दाखवून वाहनं थांबवायला सांगा. जखमी मांजर ओळखीचंही चावतं, म्हणून जाड टॉवेल किंवा गोणपाट टाकून, अंग न पिळता, सपाट पुठ्ठ्यावर सरकवून घ्या आणि हवेची भोकं असलेल्या खोक्यात ठेवा. ऊब द्या, अंधार द्या. तोंडात पाणी किंवा दूध घालू नका. पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नको, मांजराला ती विष आहे. वरून रक्त दिसत नसलं तरी आत मार असू शकतो, म्हणून ‘उठून पळालं, बरं झालं’ म्हणून सोडू नका. ओरखडा आला किंवा चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. जनावरांच्या डॉक्टरांचे, रुग्णवाहिकेचे नंबर रात्री एक वाजता शोधायचे नसतात. रखवालदाराच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत आणि दर सहा महिन्यांनी लावून पाहावेत, कारण दवाखाने जागा बदलतात.